जपानचं नववं कलम आणि शब्दांनी उभं केलेलं सैन्य

योकोसुका हे टोक्योच्या दक्षिणेला असलेलं नाविक तळाचं शहर. तिथल्या धक्क्याला 'इझुमो' हे जहाज लागतं. लांबी २४८ मीटर. आपली आयएनएस विक्रांत २६२ मीटरची आहे, म्हणजे फरक फारसा नाही. वरचा डेक या टोकापासून त्या टोकापर्यंत सपाट आणि मोकळा. २०२१च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकी मरीन कोरची एफ-३५बी ही लढाऊ विमानं या डेकवर उतरली आणि तिथूनच उडाली. कुणीही नौसैनिक या जहाजाला विमानवाहू नौका म्हणेल. जपानी सरकारच्या कागदांत मात्र त्याला 'गोएइकान' म्हणतात. अर्थ साधारण असा : संरक्षणासाठी सोबत जाणारं जहाज.

१९५०च्या दशकात जपानमध्ये रणगाड्याला रणगाडा म्हणत नसत, 'तोकुशा' म्हणजे 'विशेष वाहन' म्हणत. पायदळाला आजही 'फुत्सुका', म्हणजे 'सर्वसाधारण शाखा' म्हणतात. आणि ज्याला आपण लष्कर म्हणू त्या साऱ्या यंत्रणेचं नाव 'जिएताई', स्वसंरक्षण दल. जपानचं संरक्षण धोरण समजून घ्यायचं असेल तर या शब्दांपासूनच सुरुवात करावी लागते. कारण गेल्या पाऊणशे वर्षांत तिथल्या राज्यघटनेतलं एक अक्षरही बदललेलं नाही. बदलले ते अर्थ.

मूळ मजकूर काय आहे? १९४६च्या फेब्रुवारीत, हरलेल्या जपानचा कारभार पाहणाऱ्या जनरल मॅकआर्थरच्या कार्यालयातल्या अमेरिकी अधिकाऱ्यांनी आठवड्याभरात घटनेचा मसुदा लिहून काढला. जपानी संसदेत त्यावर चर्चा झाली, काही बदल झाले, आणि ३ मे १९४७ला ती घटना लागू झाली. तिच्या नवव्या कलमात दोन परिच्छेद आहेत. पहिला सांगतो की जपानी जनता युद्धाचा आणि आंतरराष्ट्रीय तंट्यांत बळ वापरण्याचा कायमचा त्याग करत आहे. दुसरा सांगतो की भूदल, नौदल, हवाई दल किंवा अन्य कोणतंही युद्धसामर्थ्य कधीही बाळगलं जाणार नाही.

इतकं स्वच्छ लिहिलेलं असताना सैन्य आलं कुठून? एक फट राहिली होती. संसदेतल्या समितीचे अध्यक्ष हितोशी आशिदा यांनी दुसऱ्या परिच्छेदाच्या सुरुवातीला चार शब्द घातले : 'वरील हेतू साध्य करण्यासाठी'. वरील हेतू म्हणजे तंटे सोडवण्यासाठी युद्ध न करणं. मग त्या हेतूसाठी सैन्य नको, पण नुसत्या बचावासाठी असेल तर? असा अर्थ पुढे काहींनी लावला. सरकारने घेतलेली अधिकृत भूमिका याहून थोडी वेगळी होती. प्रत्येक देशाला जगण्याचा हक्क असतोच, आणि त्यासाठी लागेल तेवढं 'किमान आवश्यक' बळ हे घटनेत मनाई केलेलं 'युद्धसामर्थ्य' नव्हे. या 'किमान'ची रेघ कुठे ओढायची, यावर जपानचं राजकारण तेव्हापासून आजपर्यंत भांडतं आहे.

ही घटना परक्यांनी लादली, असं जपानमधले अनेक उजवे नेते म्हणतात. मसुद्यापुरतं ते खरं आहे. पण १० मार्च १९४५च्या एका रात्रीत टोक्योत सुमारे एक लाख माणसं आगीत गेली होती. पुढे हिरोशिमा आणि नागासाकी. ज्यांनी हे पाहिलं त्यांना युद्ध नको हे कुणी शिकवायची गरज नव्हती. कलम कुणी लिहिलं यापेक्षा ते लोकांनी किती मनापासून धरून ठेवलं, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. आपल्या राज्यघटनेत शंभराहून जास्त दुरुस्त्या झाल्या. जपानच्या घटनेत आजवर एकही झालेली नाही. दुरुस्तीसाठी तिथे दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश बहुमत लागतं आणि वर सार्वमतात लोकांचा कौल लागतो. तो कौल मागण्याचं धाडस आजवर कोणत्याही सरकारने केलं नाही.

कोरियन युद्धाने सगळी गणितं बदलली. १९५०च्या जूनमध्ये युद्ध पेटलं आणि जपानमधल्या अमेरिकी फौजा तिकडे रवाना झाल्या. मागे पोकळी नको म्हणून मॅकआर्थरने ७५,००० जणांचं 'राष्ट्रीय पोलीस राखीव दल' उभारायला सांगितलं. ज्या कार्यालयातून चार वर्षांपूर्वी सैन्यबंदीचं कलम निघालं होतं, तिथूनच हा आदेशही निघाला. १९५४मध्ये त्या दलाचं रूपांतर स्वसंरक्षण दलात झालं.

आता करारांकडे येऊ. ८ सप्टेंबर १९५१ला सॅन फ्रान्सिस्कोमध्ये जपानने शांतता करारावर सही केली आणि त्याच दिवशी पंतप्रधान शिगेरू योशिदा यांनी अमेरिकेबरोबरच्या संरक्षण करारावर एकट्याने सही केली. स्वातंत्र्य परत मिळालं, पण अमेरिकी फौजा जागच्या हलल्या नाहीत. भारत त्या परिषदेला गेलाच नाही. परकी फौज तशीच राहणार आणि ओकिनावासारखी बेटं अमेरिकेच्या ताब्यात राहणार, हे नेहरूंच्या सरकारला मान्य नव्हतं. आपण ९ जून १९५२ला जपानशी स्वतंत्र करार केला आणि युद्धाच्या नुकसानभरपाईवरचा हक्क सोडून दिला. जपानमधली जुनी माणसं अजून याची आठवण काढतात.

योशिदांचा हिशेब साधा होता : संरक्षणाचा भार अमेरिकेवर टाकायचा, आपण कारखाने उभे करायचे. देश भिकेला लागलेला असताना हा शहाणपणाचाच निर्णय होता, असं मला वाटतं. पण १९५१चा तो करार फार एकतर्फी होता. अमेरिकेने जपानचं रक्षण केलंच पाहिजे असं त्यात कुठेही लिहिलेलं नव्हतं. उलट जपानमध्ये मोठी दंगल झाली तर जपान सरकारच्या विनंतीवरून अमेरिकी सैन्य ती मोडून काढू शकेल, अशी तरतूद होती.

हा करार सुधारायला घेतला पंतप्रधान नोबुसुके किशी यांनी. युद्धकाळात ते पंतप्रधान तोजोंच्या मंत्रिमंडळात होते, युद्धगुन्ह्याचे संशयित म्हणून तुरुंगात राहिले होते, पण त्यांच्यावर खटला चालला नाही. नवा करार जुन्यापेक्षा जपानच्या जास्त हिताचा होता, हे मान्य करायला हवं. पण तो मंजूर कसा झाला? १९ मे १९६०च्या रात्री विरोधी खासदार सभापतींची वाट अडवून बसले होते. पोलिसांना आत बोलावून त्यांना एकेक करून उचलून बाहेर काढण्यात आलं आणि मध्यरात्रीच्या सुमारास मतदान उरकण्यात आलं. मग देश रस्त्यावर आला. १५ जूनला संसदेच्या आवारात झालेल्या झटापटीत टोक्यो विद्यापीठाची एक विद्यार्थिनी मृत्युमुखी पडली. अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांचा ठरलेला दौरा रद्द झाला. करार अमलात आला, किशी पायउतार झाले. लोकांचा राग नुसता करारावर नव्हता. आपल्याला न विचारता आपलं भवितव्य ठरवलं गेलं, याचा तो संताप होता.

आज चालतो तो हाच १९६०चा करार. त्यातली दोन कलमं कळली की बरंचसं कळलं. पाचवं कलम म्हणतं, जपानच्या प्रशासनाखालच्या प्रदेशावर हल्ला झाला तर दोन्ही देश मिळून त्याचा सामना करतील. अमेरिकेच्या भूमीवर हल्ला झाला तर जपानने धावून जावं, असं बंधन त्यात नाही. सहावं कलम म्हणतं, जपानच्या आणि पूर्व आशियाच्या सुरक्षेसाठी अमेरिकेला जपानची जमीन आणि तळ वापरता येतील. जपानी अधिकारी याला भाला आणि ढाल म्हणत आले. भाला अमेरिकेने धरायचा, ढाल जपानने. शिवाय डोक्यावर अमेरिकेच्या अणुबॉम्बचं छत्र. म्हणूनच अणुबॉम्ब झेललेला एकमेव देश अण्वस्त्रबंदीच्या २०१७च्या करारावर सही करत नाही. बॉम्बमधून वाचलेल्यांच्या निहोन हिदानक्यो या संघटनेला २०२४चं शांततेचं नोबेल मिळालं, त्यानंतरही सरकारने सही केली नाही.

जपानवर हल्ला झाला तर आम्ही लढायचं, आमच्यावर झाला तर ते टीव्हीवर बघत बसणार, अशी तक्रार डोनाल्ड ट्रम्प अनेकदा करतात. ती अर्धीच खरी आहे. जपानमध्ये सुमारे ५४,००० अमेरिकी सैनिक आहेत. योकोसुका हा परदेशातला असा तळ आहे जिथे अमेरिकेची विमानवाहू नौका कायमची मुक्कामाला असते. या तळांच्या खर्चापोटी जपान वर्षाला सरासरी २११ अब्ज येन देतो. तैवान, कोरिया, हिंदी महासागर, कुठेही जायचं तर अमेरिकेला जपानमधूनच सोयीचं पडतं. जपान फुकट काही घेत नाही.

आणि जे देतो, त्यातलं सर्वांत जास्त ओकिनावा देतं.

ओकिनावा हा जपानच्या जमिनीचा फक्त ०.६ टक्के भाग. अमेरिकी फौजांसाठी राखून ठेवलेल्या जमिनीपैकी सुमारे ७० टक्के जमीन मात्र इथे आहे. १९४५च्या लढाईत इथला साधारण चारातला एक माणूस गेला. १९५२मध्ये बाकीचा जपान स्वतंत्र झाला तेव्हा ओकिनावा अमेरिकेकडेच राहिलं, ते १५ मे १९७२ला परत आलं. तळ मात्र राहिले. गिनोवान शहराच्या अगदी मधोमध फुतेन्मा हा हवाई तळ आहे. कुंपणाच्या एका बाजूला धावपट्टी, दुसऱ्या बाजूला घरं, दवाखाने आणि प्राथमिक शाळा. २००४मध्ये शेजारच्या विद्यापीठाच्या आवारात अमेरिकी हेलिकॉप्टर कोसळलं, तेव्हा जपानी पोलिसांनाही तिथे फिरकू दिलं गेलं नाही.

१९९५मध्ये तीन अमेरिकी सैनिकांनी एका १२ वर्षांच्या शाळकरी मुलीवर बलात्कार केला. बेट पेटून उठलं. पुढच्याच वर्षी दोन्ही सरकारांनी पाच ते सात वर्षांत फुतेन्माची जमीन परत करण्याचं वचन दिलं. अट एकच होती : बदली तळ हवा, आणि तोही ओकिनावातच, हेनोकोच्या किनाऱ्यावर समुद्रात भराव टाकून. २०१९च्या सार्वमतात ७२ टक्के मतदारांनी त्याला नकार दिला. काम थांबलं नाही. समुद्राचा तळ मऊ निघाला, आराखडा बदलावा लागला, राज्यपालांनी मंजुरी नाकारली, तेव्हा २०२३च्या डिसेंबरमध्ये केंद्र सरकारने त्यांच्या वतीने स्वतःच मंजुरी देऊन टाकली. वचन देऊन तीस वर्षं होत आली, फुतेन्मा आहे तिथेच आहे. करारामुळे देश सुरक्षित राहिला हे टोक्योत बसून म्हणणं सोपं आहे; त्याची किंमत मोजणारी माणसं दीड हजार किलोमीटर लांब राहतात.

शीतयुद्ध संपलं आणि १९९१च्या आखाती युद्धात जपानला जबर धक्का बसला. सैनिक पाठवता येत नाहीत म्हणून १३ अब्ज डॉलर दिले. नंतर कुवेतने मदत करणाऱ्या देशांचे जाहीर आभार मानले, त्या यादीत जपानचं नाव नव्हतं. जपानी मुत्सद्द्यांच्या मनात हा सल खोल रुतला. १९९२मध्ये शांतिसेनेचा कायदा झाला, जपानी तुकड्या कंबोडियाला गेल्या, २००४मध्ये इराकमध्ये सामावाला. गेल्या तिथे त्यांनी पाणी, रस्ते, शाळा अशी कामं केली.

खरी मोठी उडी मारली शिंझो आबे यांनी. आबे हे किशींचे नातू. त्यांना नववं कलमच बदलायचं होतं, पण सार्वमत जिंकण्याची खात्री नव्हती. त्यांनी दुसरी वाट धरली.

शेजाऱ्याच्या घरावर दरोडा पडला, आपल्या घराला अजून कुणी हात लावलेला नाही. काठी घेऊन धावायचं का? धावलात तर त्याला 'सामूहिक स्वसंरक्षण' म्हणतात. संयुक्त राष्ट्रांची सनद प्रत्येक देशाला हा हक्क देते. जपानचं सरकार अनेक दशकं सांगत होतं की हा हक्क आम्हाला आहे, पण आमची घटना तो वापरू देत नाही. ही भूमिका सांभाळणारं एक छोटंसं कार्यालय आहे, मंत्रिमंडळाचा विधी विभाग. तिथे वर्षानुवर्षं खात्यातलेच ज्येष्ठ अधिकारी प्रमुख होत. २०१३मध्ये आबेंनी परराष्ट्र खात्यातले मुत्सद्दी इचिरो कोमात्सु यांना तिथे नेमलं. १ जुलै २०१४ला मंत्रिमंडळाने ठराव केला : जवळच्या मित्रदेशावर हल्ला झाला आणि त्यामुळे जपानचं अस्तित्वच धोक्यात आलं, तर दुसरा इलाज नसताना, किमान आवश्यक बळ वापरता येईल. या स्थितीला पुढे कायद्यात नाव दिलं 'सोनरित्सु किकी जिताई', म्हणजे 'अस्तित्वावरच्या संकटाची स्थिती'. हे सहा जपानी अक्षरांचं नाव लक्षात ठेवा, पुढे लागेल.

कायद्याचा मसुदा संसदेत आला. ४ जून २०१५ला समितीपुढे तीन घटनातज्ज्ञ बोलले. तिघांनीही तो घटनाबाह्य असल्याचं सांगितलं, सत्ताधारी पक्षाने स्वतः बोलावलेल्या तज्ज्ञानेसुद्धा. संसदेबाहेर पावसात विद्यार्थी, आया, पेन्शनर उभे होते. १९ सप्टेंबरच्या पहाटे कायदा मंजूर झाला. २०१७च्या मे महिन्यात त्याखाली पहिल्यांदा एका अमेरिकी रसद जहाजाला संरक्षण दिलं गेलं. संरक्षण देणारं जहाज होतं इझुमो. 'सोबत जाणारं जहाज' हे नाव त्या दिवशी शब्दशः खरं झालं, फक्त सोबत परक्या नौदलाची होती.

काळ बदलला, शेजार बदलला, तसं धोरणही बदलायला हवं, हे मला पटतं. पण बदल इतका मोठा असेल तर घटनेने सांगितलेल्या रस्त्यानेच जावं, लोकांपुढे प्रश्न ठेवावा. अर्थ ताणत नेला की उद्याचं सरकार तो आणखी ताणू शकतं.

धोका खरा नाही, असं कुणी समजू नये. १९९८मध्ये उत्तर कोरियाचं क्षेपणास्त्र जपानच्या डोक्यावरून गेलं. २०१७मध्ये दोनदा होक्काइदोवरून गेलं, २०२२च्या ऑक्टोबरमध्ये आओमोरीवरून. पहाटे मोबाइल किंचाळतात आणि मजबूत इमारतीत किंवा तळघरात जायला सांगतात. पूर्व चीन समुद्रातली सेनकाकू बेटं जपानच्या ताब्यात आहेत, चीन त्यांना दियाओयू म्हणून आपली म्हणतो. २०१२मध्ये जपान सरकारने त्यातली तीन बेटं खाजगी मालकाकडून विकत घेतली, तेव्हापासून चिनी तटरक्षक जहाजांच्या फेऱ्या थांबलेल्या नाहीत. ४ ऑगस्ट २०२२ला तैवानभोवतीच्या चिनी सरावात पाच क्षेपणास्त्रं जपानने आपलं म्हटलेल्या सागरी आर्थिक क्षेत्रात पडली. आणि त्याच वर्षी रशियाने युक्रेनवर हल्ला केला. दोन महायुद्धांनंतरही मोठा देश शेजाऱ्याला गिळायला निघू शकतो, हे जपानी घराघरांत टीव्हीवर दिसलं.

१६ डिसेंबर २०२२ला पंतप्रधान फुमिओ किशिदा यांच्या सरकारने संरक्षण धोरणाची तीन कागदपत्रं मंजूर केली. किशिदांचा मतदारसंघ हिरोशिमा, आणि पक्षात ते मवाळ मानले जात. त्या कागदपत्रांनी १९७६पासूनची सवय मोडली. तेव्हा सरकारने ठरवलं होतं की संरक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या १ टक्क्याहून जास्त खर्च करायचा नाही, आणि मध्ये थोडाफार अपवाद वगळता खर्च त्याच आसपास राहिला. आता लक्ष्य २ टक्के, पाच वर्षांत ४३ लाख कोटी येन. त्याहून मोठी गोष्ट 'प्रतिहल्ला क्षमता'. शत्रूने हल्ला केला तर त्याच्या भूमीवरची क्षेपणास्त्रं फोडण्याची ताकद. अमेरिकेकडून ४०० टोमाहॉक क्षेपणास्त्रं घ्यायचं ठरलं. भाला आणि ढाल ही वाटणी इथे संपली. ढाल धरणाऱ्याच्या दुसऱ्या हातातही आता भाला आला.

पैसा उभा राहील, माणसं कुठून आणायची? २०२३-२४ या वर्षात स्वसंरक्षण दलांना ठरवलेल्या भरतीच्या जेमतेम निम्मी माणसं मिळाली. ज्या देशात मुलंच कमी जन्माला येतात, तिथे हा प्रश्न टोमाहॉकने सुटणार नाही.

मग मित्र वाढवणं आलं. ऑस्ट्रेलिया, ब्रिटन आणि फिलिपिन्सबरोबर जपानने एकमेकांच्या देशात सैन्य सरावाला नेण्याचे करार केले. ब्रिटन आणि इटलीबरोबर नवं लढाऊ विमान बनतं आहे. अमेरिका, जपान, भारत आणि ऑस्ट्रेलिया यांच्या क्वाड गटाला आपल्याकडे 'आशियाची नाटो' म्हणायची सवय झाली आहे, ती चुकीची आहे. क्वाडमध्ये पाचव्या कलमासारखं काहीही नाही. एकावर हल्ला झाला तर बाकीच्यांनी लढायचं असं कुठेही लिहिलेलं नाही. भारत कुणाचाच करारबद्ध लष्करी मित्र नाही आणि जपानला ते ठाऊक आहे. तरीही दोघांना एकमेकांची गरज वाटते. पोखरणच्या १९९८च्या चाचण्यांनंतर जपानने आपली नवी मदत रोखली होती. त्याच जपानने २०१६मध्ये आपल्याशी नागरी अणुकरार केला. २२ ऑगस्ट २००७ला आबे आपल्या संसदेत बोलले, त्या भाषणाला त्यांनी दारा शुकोहच्या ग्रंथाचं नाव दिलं : दोन समुद्रांचा संगम. 'इंडो-पॅसिफिक' या आज सगळ्यांच्या तोंडी असलेल्या शब्दामागची कल्पना त्या भाषणात होती.

देशांतर्गत राजकारणात एक ब्रेक होता. सत्ताधारी लिबरल डेमोक्रॅटिक पक्षाबरोबर १९९९पासून बौद्ध पाठीराख्यांचा कोमेइतो हा पक्ष होता, तो प्रत्येक नव्या पावलाला अटी घालत असे. २०२५च्या ऑक्टोबरमध्ये सानाए ताकाइची पक्षाध्यक्ष झाल्या आणि कोमेइतो बाहेर पडला. ताकाइचींनी संरक्षणावर जास्त आक्रमक असलेल्या इशिन पक्षाची साथ घेतली आणि २१ ऑक्टोबरला जपानच्या पहिल्या महिला पंतप्रधान झाल्या. २ टक्क्यांचं लक्ष्य त्यांनी दोन वर्षं अलीकडे ओढलं.

७ नोव्हेंबरला संसदेत त्यांना तैवानबद्दल विचारलं. युद्धनौका आणि बळाचा वापर झाला तर ती 'सोनरित्सु किकी जिताई' ठरू शकते, असं त्या म्हणाल्या. आधीचे पंतप्रधान या प्रश्नाला जाणूनबुजून मोघम उत्तर देत. २०१५मध्ये कायद्यात ठेवलेला शब्द दहा वर्षांनी पहिल्यांदा एका पंतप्रधानांच्या तोंडून तैवानला चिकटला. चीनने आपल्या नागरिकांना जपानला जाऊ नका असं सांगितलं, जपानी मासळीची आयात पुन्हा थांबवली.

योनागुनी या बेटावरून तैवान ११० किलोमीटर आहे. हवा स्वच्छ असेल तर पश्चिमेच्या टोकावरून तिथले डोंगर दिसतात. लोकवस्ती सुमारे १,७००. २०१६पासून तिथे स्वसंरक्षण दलाचा तळ आणि रडार आहे. २०२५च्या मार्चमध्ये सरकारने या टोकाच्या बेटांवरची सुमारे १ लाख २० हजार माणसं, रहिवासी आणि पर्यटक धरून, सहा दिवसांत विमानांनी आणि जहाजांनी क्यूशू आणि यामागुचीला हलवण्याचा आराखडा जाहीर केला.

ओकिनावातल्या म्हाताऱ्या माणसांना असा आराखडा नवा नाही. १९४४च्या ऑगस्टमध्येही सरकारने तिथल्या मुलांना क्यूशूला सुरक्षित पाठवायचं ठरवलं होतं. 'त्सुशिमा मारू' हे जहाज नाहाहून निघालं आणि २२ ऑगस्टच्या रात्री अमेरिकी पाणबुडीने ते बुडवलं. सुमारे दीड हजार माणसं गेली, त्यांतली निम्म्याहून जास्त शाळकरी मुलं होती. वाचलेल्यांना कुठे बोलू नका असं बजावण्यात आलं होतं. नाहा शहरात आज त्या मुलांचं स्मारक संग्रहालय आहे.